भाकिताची मुदत

प्रस्तावना

माजिवड्यापासून गायमुखपर्यंत ठाण्याच्या घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाला जाहीर झालेल्या तारखांचे फारसे कौतुक उरत नाही. वडाळा ते कासारवडवली या मेट्रो-४ चे भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झाले. गायमुख ते विजय गार्डन एवढ्या तुकड्यावर गाडीची चाचणी झाली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. मधल्या काळात 'मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटांवर' म्हणून इथले फ्लॅट विकले गेले. म्हणजे गाडी यायच्या आधीच तिचे भाडे लोकांनी हप्त्यांतून भरायला सुरुवात केली होती. तरी मेट्रो हा श्रद्धेचा विषय आहे असे कोणी म्हटले नाही. खांब मोजता येत होते, गर्डर चढताना दिसत होते, आणि असली गाडी कशी धावते हे जगाला आधीच ठाऊक होते. तारीख चुकत होती, कल्पना चुकलेली नव्हती.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भाकितांवर बोलताना नेमका हाच फरक हातून निसटतो. अमुक सालापर्यंत यंत्र माणसाइतके हुशार होईल, मग ते स्वतःलाच सुधारू लागेल, आणि पुढची शंभर वर्षांची प्रगती दहा वर्षांत उरकेल, असे सांगितले जाते. साल उलटले की नवे साल मिळते. याला उशीर म्हणायचे की चूक? उशीर म्हणायचे असेल तर इथले खांब कोणते? हे पुस्तक त्या प्रश्नाभोवती जमलेल्या लेखांचे आहे. ते लिहिणारे बहुतेक जण याच रस्त्यावर राहतात. पातलीपाड्याच्या हिरानंदानी इस्टेटमध्ये टीसीएसच्या इमारती आहेत, पुढे कासारवडवलीला आयटी पार्क आहे, आणि या कचेऱ्यांत जाणारी किंवा त्यांत जाऊ पाहणारी मुले जवळजवळ प्रत्येक सोसायटीत आहेत. इथल्या माणसाने हा प्रश्न विचारला तर ती तत्त्वज्ञानाची हौस नसते. वीस वर्षांचे गृहकर्ज काढावे की नाही, हा त्याचाच दुसरा चेहरा आहे.

विषयाला परदेशातून हात घालायची पद्धत आहे. मी ती मोडतो, कारण भाकीत कसे तपासावे याचे दोन उत्तम धडे महाराष्ट्रातच गिरवले गेले आहेत.

पहिला पावसाचा. आपल्याकडे पावसाची भाकिते भरपूर. पंचांगात नक्षत्राचे वाहन असते, ते बेडूक आहे की हत्ती यावरून पाऊस ठरतो. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसाचे, पिकांचे, राजाच्या गादीचे भाकीत सांगितले जाते. या भाकितांत 'कमी-अधिक', 'लहरी', 'काही भागांत' असे शब्द असतात, आणि महाराष्ट्रात पाऊस दरवर्षीच काही भागांत कमी-अधिक असतो. अशा भाकिताला नापास करणारा पाऊस आजवर पडलेला नाही.

त्याच्या शेजारी पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर ठेवून पाहा. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांचे गणिती प्रारूप तयार केले. एल निनो, हिमालयावरचे आणि युरेशियातले बर्फाचे आच्छादन, ठिकठिकाणचे तापमान, वाऱ्यांची स्थिती असे सोळा घटक घेऊन देशातला जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या किती टक्के होईल हे ते सांगत असे. १९८८ पासून हवामान खात्याने ते वापरायला घेतले. एकच आकडा, सोबत तो किती चुकू शकेल याची मर्यादा, आणि तो पाऊस पडण्याआधी जाहीर. वर्षामागून वर्ष देशाचा एकूण पाऊस सर्वसाधारण राहिला, प्रारूपही 'सर्वसाधारण' म्हणत राहिले, आणि गोवारीकरांचे नाव घराघरांत पोचले. मग २००२ साल आले. अंदाज होता १०१ टक्क्यांचा. पाऊस झाला ८१ टक्के.

मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे, ते प्रारूप खोटे कोणालाच म्हणता आले नसते, जोवर पाऊस नेहमीच्या चाकोरीत होता. चाकोरीतली सगळी वर्षे मिळूनही त्याची खरी परीक्षा झालेली नव्हती. ती चाकोरी मोडणाऱ्या पहिल्या वर्षाने घेतली. दुसरी म्हणजे त्यानंतर जे घडले ते. खात्याने ते प्रारूप बाजूला ठेवले आणि २००३ मध्ये आठ आणि दहा घटकांची नवी प्रारूपे आणली. २००४ मध्ये तीही तोंडघशी पडली आणि २००७ पासून पुन्हा पद्धत बदलली. लोकांनी वेधशाळेची यथेच्छ टिंगल केली. पण टिंगल करता आली याचे कारण आकडा आधी सांगितलेला होता. विज्ञानाच्या भाकिताला अब्रू गमवायची सोय असते. भेंडवळच्या घटाला ती नाही.

दुसरा धडा पत्रिकेचा. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने फलज्योतिषाचे अभ्यासक्रम विद्यापीठांत आणायचे ठरवले तेव्हा डॉ. जयंत नारळीकरांनी त्याला विरोध केला. पण ते विरोधावर थांबले नाहीत. पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह त्यांनी एक चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस पाठवल्या आणि एवढेच विचारले की यातले हुशार कोणते आणि मतिमंद कोणते. तयारी दाखवली ५१ जणांनी, उत्तरे परत आली २७ जणांची, आणि त्यांतली सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवले असते तरी बरे. २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात हा निबंध आला.

त्या चाचणीत ज्योतिष खोटे आहे हे गृहीत धरलेले नव्हते. ज्योतिषांचे म्हणणे खरे असेल तर काय दिसायला हवे, हे आधी ठरवले होते. ते २४ ज्योतिषी, ज्यांनी पत्रिका घेतल्या पण उत्तर धाडले नाही, तेही मला त्या निबंधातले एक निरीक्षणच वाटतात.

आता या दोन धड्यांच्या उजेडात यंत्रांच्या इतिहासाकडे येऊ.

अ‍ॅलन ट्युरिंगने १९५० मध्ये केलेले भाकीत अजूनही नमुन्यादाखल दाखवण्याजोगे आहे. सुमारे पन्नास वर्षांत, ठरावीक साठवणक्षमतेचे यंत्र, पाच मिनिटांच्या प्रश्नोत्तरांत, साधारण परीक्षकाला इतके फसवेल की समोर माणूस आहे की यंत्र हे त्याला शंभरातून सत्तर वेळांपेक्षा जास्त ओळखता येणार नाही. मुदत, अट आणि टक्केवारी तिन्ही सांगून टाकलेली. साल चुकले, पण काय चुकले हे बोट ठेवून दाखवता येते. कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या १९५६ च्या डार्टमथच्या उन्हाळी बैठकीनंतर मात्र भाषा सैल होऊ लागली. हर्बर्ट सायमनने १९५७ मध्ये सांगितले की दहा वर्षांत संगणक बुद्धिबळाचा जगज्जेता होईल. डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवले १९९७ मध्ये. हा उशीर झाला, आणि तोही सायमनच्या मनातल्या वाटेने नव्हे, प्रचंड वेगाने चाली तपासणाऱ्या यंत्राच्या जोरावर. १९६५ मध्ये त्याच सायमनने वीस वर्षांत यंत्रे माणसाचे कोणतेही काम करतील असे लिहिले. हे मात्र चुकलेच. त्याच वर्षी आय. जे. गुड या गणितज्ञाने ती कल्पना मांडली जिच्यावर आजचा सारा डोलारा उभा आहे: माणसाहून हुशार यंत्र झाले की ते आपल्याहून हुशार यंत्र बनवेल, आणि बुद्धीचा स्फोट होईल. गुडची मांडणी तर्क म्हणून नीटनेटकी आहे. पण तिच्यात मोजायला काहीच नाही.

१९७३ मध्ये ब्रिटनमध्ये या संशोधनावर टीका करणारा लाइटहिल अहवाल आला आणि पैसा आटला. १९८२ मध्ये जपानने पाचव्या पिढीच्या संगणकांचा दहा वर्षांचा कार्यक्रम काढला आणि पैसा पुन्हा वाहू लागला. त्या लाटेचे पाणी आपल्यापर्यंतही आले. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने ज्ञानाधारित संगणकप्रणालींचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला आणि मुंबईतली टाटा मूलभूत संशोधन संस्था व राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही त्याच्या ठाण्यांपैकी दोन होती. पाचवी पिढी जपानात अवतरली नाही. इथे त्यातून काही चांगली माणसे घडली, आणि ते थोडे नव्हे.

याच काळातली एक गोष्ट मला सोडवत नाही. १९८५ मध्ये नासाच्या एम्स केंद्राशी संबंधित रिक ब्रिग्ज या संशोधकाने 'एआय मॅगझिन'मध्ये एक लेख लिहिला. संस्कृत वैयाकरणांची वाक्याचा अर्थ उलगडण्याची रीत आणि संगणकात ज्ञान साठवण्यासाठी वापरली जाणारी जाळी यांत विलक्षण साम्य आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. अभ्यासपूर्ण लेख, मर्यादित दावा. पुढे तो आपल्या हाती लागला. 'संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा असे नासाने मान्य केले आहे' इथून सुरुवात झाली आणि फिरता फिरता त्याला तारखाही चिकटल्या: संस्कृतवर चालणारा सहाव्या पिढीचा महासंगणक २०२५ मध्ये, सातव्या पिढीचा २०३४ मध्ये. २०२५ आले आणि गेले. कोणाच्याही कौटुंबिक ग्रुपवर त्याबद्दल शोक झालेला मी पाहिला नाही. संदेश अजून फिरतोच आहे. वैज्ञानिक विधानाची श्रद्धा कशी होते हे एवढ्या स्वच्छपणे क्वचितच दिसते. विधान तेच राहते, त्याच्या मर्यादा गळून पडतात, त्याला तारीख लागते आणि तारखेचा हिशेब ठेवणारे कोणी नसते.

आजच्या भाकितकारांचे चार गट करता येतील, जरी माणसे एका गटातून दुसऱ्यात ये-जा करतात. आलेखवाले मोजमापावर बोलतात. स्फोटवाले गुडचे वारस: १९९३ मध्ये तीस वर्षांची मुदत देणारा व्हर्नर विंजी, २०२९ आणि २०४५ या सालांवर ठाम राहिलेला रे कर्झवाइल, आणि एप्रिल २०२५ मध्ये 'एआय २०२७' हे महिनावार कथानक लिहिणारा डॅनियल कोकोटायलो व त्याचे सोबती. तिसरा गट अरविंद नारायणन आणि सयश कपूर यांचा. त्यांच्या मते एआय हे वीज किंवा इंटरनेटसारखे साधेच, म्हणजे मोठे पण नेहमीच्या गतीने मुरणारे तंत्रज्ञान आहे. चौथा गट या सगळ्या प्रकरणात धर्म पाहणाऱ्यांचा; रॉबर्ट जेरासीने 'अपोकॅलिप्टिक एआय' या पुस्तकात प्रलय, मुक्ती आणि अमरत्व यांचे जुने साचे नव्या यंत्रांत कसे ओतले जातात ते दाखवले.

यांतला पहिला गट मला सर्वांत जास्त वेळ देण्याजोगा वाटतो, कारण त्याच्याजवळ खरोखर खांब आहेत. २०१० पासून मोठ्या एआय प्रारूपांना शिकवायला लागणारी गणनशक्ती साधारण दर सहा महिन्यांनी दुप्पट होत आली. २०२० मध्ये असे दाखवले गेले की गणनशक्ती, विदा आणि प्रारूपाचा आकार वाढवला की पुढचा शब्द ओळखण्यातली चूक एका ठरीव गणिती नियमाने घटते. मार्च २०२५ मध्ये मेटर या संस्थेने मोजले की माणसाला किती वेळ लागणारे काम यंत्र निम्म्या वेळा तरी पुरे करते, आणि ती लांबी सहा वर्षे दर सात महिन्यांनी दुप्पट होत असल्याचे आढळले. हे विज्ञान आहे, आणि त्यात श्रद्धा शोधू पाहणारे मोजमाप करणाऱ्यांवर अन्याय करतात.

पण आलेख कुठे संपतो आणि उडी कुठे सुरू होते, तेही पाहावे. शब्द ओळखण्यातली चूक घटणे आणि समज वाढणे यांच्यातला दुवा त्या नियमात नाही. दुप्पट होणारी कोणतीही गोष्ट कुठवर दुप्पट होईल हे आलेख स्वतः सांगत नाही. २०२० मध्ये ठाण्यात आपण रोज करोनाच्या रुग्णदुपटीचा कालावधी वाचत होतो तेव्हा त्यावरून कोणीही दिवाळीपर्यंत शहराच्या लोकसंख्येपेक्षा जास्त रुग्ण होतील असा हिशेब केला नाही. आणि हवामान खात्याच्या त्या चाकोरीतल्या वर्षांचे काय झाले, हे वर आलेच आहे. आलेख आजवर खरा ठरला आहे. तो मोडणारे वर्ष कोणते असेल, मोडला तर कशावरून ओळखायचे, हे जो आधी सांगतो तो गोवारीकरांच्या रांगेतला. जो सांगत नाही तो नक्षत्राच्या वाहनावर बसलेला आहे, मग त्याच्या हाती कितीही महाग चिप असोत.

माणसाच्या स्वतःच्या अंदाजाचीही एक चाचणी झाली आहे. जुलै २०२५ मध्ये त्याच मेटरने १६ अनुभवी प्रोग्रामरांकडून त्यांच्या ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामे करून घेतली; काही एआयच्या मदतीने करायची, काही तिच्याविना, वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी. कामाआधी त्यांना वाटत होते की एआयने २४ टक्के वेळ वाचेल. काम झाल्यावरही वाटत होते की २० टक्के वाचला. घड्याळ म्हणत होते की १९ टक्के जास्त लागला. चाचणी छोटी, साधने त्या वेळची. आजच्या साधनांवर तोच निकाल लागेल असे मी म्हणत नाही. पण हातात साधन घेऊन रोज काम करणारा माणूसही आपल्या अनुभवाविषयी इतका चुकू शकतो, हे पातलीपाड्याच्या कचेऱ्यांतल्या दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवण्याजोगे आहे: 'माझे काम निम्मे झाले' म्हणणाऱ्यांनी आणि 'काही उपयोग नाही' म्हणणाऱ्यांनीही.

तज्ज्ञांना विचारावे तर तिथेही मौज आहे. २०२३ मध्ये २,७७८ संशोधकांना विचारले गेले. प्रत्येक काम यंत्र माणसाहून चांगले व स्वस्तात कधी करेल, या प्रश्नाला त्यांच्या उत्तरांतून निम्म्या शक्यतेचे साल निघाले २०४७. सगळे व्यवसाय पूर्णपणे यंत्राकडे कधी सोपवता येतील, असे विचारल्यावर निघाले २११६. प्रश्न जवळजवळ एकच, उत्तरांत ६९ वर्षांचे अंतर. शिवाय वर्षभरापूर्वीच्या पाहणीत पहिले साल २०६० होते. इतक्या सैल जमिनीवर कोणी एक साल ठोकून उभा राहत असेल तर त्याच्या खिशात काय आहे हे विचारणे असभ्यपणा ठरू नये. ज्यांची कंपनी भांडवल मागत फिरते त्यांचे भाकीत हे काही अंशी बांधकामाधीन इमारतीचे माहितीपत्रक असते.

म्हणून अविश्वास ठेवणारे सुटले असे नाही. 'यंत्राला हे कधीच जमणार नाही' यालाही मुदत नसते. तत्त्वज्ञ ह्युबर्ट ड्रायफसने साठच्या दशकात या क्षेत्राची केलेली चिकित्सा अनेक अंगांनी खरी ठरली, पण १९६७ मध्ये तो एका संगणकाकडून बुद्धिबळात हरला. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात आपली मुले ज्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडची तयारी करतात, तिथल्या २०२५ च्या प्रश्नांवर यंत्रांनी ४२ पैकी ३५ गुण, म्हणजे सुवर्णपदकाइतके, मिळवले. काही वर्षांपूर्वी हे इतक्या लवकर होईल असे फार थोड्यांना वाटत होते. उलट बाजूने जेफ्री हिंटनने २०१६ मध्ये सांगितले होते की रेडिओलॉजिस्ट तयार करणे आता थांबवा, पाच वर्षांत, फार तर दहा, यंत्र त्यांच्या पुढे जाईल. नीट-पीजीत वरचे क्रमांक मिळवणारी मुले आजही रेडिओलॉजीकडेच धावतात. हिंटनला २०२४ मध्ये नोबेल मिळाले. मोठ्या माणसाचे मोठे काम आणि त्याचे भाकीत यांचे ताळेबंद वेगळेच मांडावे लागतात.

हे सगळे आत्ताच का? भाकितांवर आता सरकारी पैसा लागला आहे. केंद्राने मार्च २०२४ मध्ये इंडियाएआय मिशनसाठी १०,३७२ कोटी मंजूर केले. राज्याने २०२५ मध्ये शेतीतल्या एआयसाठी ५०० कोटींचे धोरण आणले. त्याच वर्षी जुलैमध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करायचे जाहीर केले. कारण एआय नसून कौशल्ये जुळत नाहीत हे आहे, असे कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले. लोकांनी मात्र ही कपात यंत्र नोकऱ्या घेणार हे भाकीत खरे ठरल्याचा पुरावा म्हणून वाचली. भाकिताचे हे एक विशेष आहे: ते खरे असो वा नसो, त्याच्यावर विसंबून माणसे निर्णय घेतात आणि निर्णयांनी जग बदलते. कोणी मुलाला संगणकशास्त्राऐवजी वाणिज्य शाखेत घालतो, कोणी नवी भरती थांबवतो.

या पुस्तकातल्या लेखकांचे एकमत नाही. एका लेखात जे साल मूर्खपणाचे ठरते ते दुसऱ्यात गांभीर्याने घेतलेले दिसेल. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले, त्यामुळे माझा कल कुठे आहे हे वाचकाला एव्हाना कळले असेल. संपादकांनी सर्वांवर एकच अट घातली होती. प्रत्येकाने लेखाअखेरीस निदान एक दावा असा लिहायचा की ज्याला मुदत असेल, मोजायची रीत असेल, आणि लेखकाला त्याबद्दल किती खात्री वाटते ते टक्क्यांत असेल. अशा टक्केवारीला नंतर गुण द्यायची रीत ग्लेन ब्रायर या हवामानशास्त्रज्ञाने १९५० मध्ये, पावसाच्या अंदाजांसारख्या कामासाठीच सुचवली होती. ती परिशिष्टात समजावून दिली आहे. काही लेखकांनी या अटीवर कुरकुर केली, आणि दोघांनी लेख मागे घेतले.

प्रस्तावना लिहिणाऱ्याला सूट नाही असे मला कळवण्यात आले आहे. तेव्हा माझा दावा असा. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल टेक, विप्रो आणि टेक महिंद्र या पाच कंपन्यांत मार्च २०२५ अखेर मिळून सुमारे १५ लाख माणसे होती. मार्च २०३१ अखेरच्या त्यांच्या अहवालांत ही बेरीज ११ लाखांच्या खाली गेलेली नसेल. खात्री ८० टक्के. ती खाली गेली, तर आलेख आणि उडी यांच्यातल्या अंतराबद्दल वर लिहिलेला परिच्छेद पुढच्या आवृत्तीत जसाच्या तसा ठेवावा आणि त्याच्याखाली हा आकडा छापावा, अशी प्रकाशकांना विनंती आहे.